टीममधून कोणाला काढायचंय? आधी फोन, मग ग्रुपवर लिस्ट

आमच्या क्लबचं टीम निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते दुसरं कोणी घेत नव्हतं म्हणून. आणि पहिल्याच सीझनला मी माती खाल्ली. शनिवारी रात्री पावणेअकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर अकरा नावं टाकली, खाली बॅटबॉलचा इमोजी, आणि झोपलो. आठ वर्षं आमच्यासाठी ओपनिंग करणारा माणूस त्या अकरात नव्हता. तो नऊलाच झोपतो, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडायची असते ना. सव्वासातला आझाद मैदानावर आमच्या तंबूत आला, किट बॅग ठेवली, पॅड काढले आणि बांधायला बसला. डावा बांधून झाला, उजव्याचा मधला पट्टा लावत होता तेव्हा कॅप्टनने माझ्याकडे बघितलं, मी स्कोअरबुकात डोकं घातलं. शेवटी एक कॉलेजचं पोरगं पुढे होऊन म्हणालं, "काका, तुम्ही आज नाही आहात." तो काही बोलला नाही. पट्टे परत सोडले. त्या वेल्क्रोचा चर्रर्र आवाज येतो ना, तो अजून माझ्या कानात आहे.

तर क्लबची, ऑफिसची, सोसायटीची, कॉलेजची, कुठलीही टीम ज्यांना निवडायला लागते त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्या रविवारनंतर मी मोठे कोच हे काम कसं करतात ते बघायला लागलो, म्हणजे कव्हर ड्राइव्हचा कोन वगैरे नाही, तर काढलेल्या माणसाशी ते काय बोलतात, कधी बोलतात ते. सगळ्यात जास्त शिकलो राहुल द्रविडकडून, तो नोव्हेंबर २०२१ पासून जून २०२४ पर्यंत भारताचा हेड कोच होता, आणि थोडं आपल्या अमोल मुझुमदारकडून, जो २०२३ ला भारताच्या महिला टीमचा कोच झाला.

पहिली गोष्ट, ठरवणार कोण ते ठरवा

लोकांना वाटतं कोच टीम निवडतो. भारतात तसं नाहीये. पंधरा जणांचा संघ निवड समिती काढते, २०२३ ला अजित आगरकर तिचा अध्यक्ष झाला, आणि त्यातून मैदानात उतरणारे अकरा कॅप्टन आणि कोच मिळून ठरवतात. म्हणजे कोचला मिळालेल्या भाजीतच जेवण करायचं असतं. क्लबमध्ये ही वाटणी कोणी करतच नाही, आणि मग मॅचच्या सकाळी सेक्रेटरीचा भाचा पांढऱ्या कपड्यात हजर होतो आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सीझनच्या आधी चहा मागवा, बसा, आणि ठरवून टाका की पंधरा कोण काढणार, अकरा कोण काढणार, आणि दोघांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. आमच्याकडे तो कॅप्टनचा आहे कारण मैदानात शिव्या त्याला खायच्या असतात.

नावं नंतर, कामं आधी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एकही नाव लिहू नका. नवा बॉल कोण टाकणार, शेवटच्या पाच ओव्हर कोण टाकणार, कीपर, स्लिपला कोण, पाच विकेट लवकर पडल्या तर उभं कोण राहणार, एवढंच लिहा आणि मग समोर नावं भरा. नावांपासून सुरुवात केली की आवडते आठ जण आधीच घुसतात आणि मग तीन बोलर कुठे कोंबायचे हा प्रश्न उरतो.

२०२४ च्या टी२० वर्ल्ड कपला भारताने पंधरात चार स्पिनर नेले तेव्हा किती लोकांनी कपाळावर हात मारला होता. न्यूयॉर्कच्या त्या उड्या मारणाऱ्या विकेटवर कुलदीप यादव बाहेर बसला, बसला म्हणजे बसलाच, आणि वेस्ट इंडिजमध्ये सुपर एट सुरू झाल्यावर सिराजच्या जागी तो आत आला. सिराजने काही गुन्हा केला नव्हता. कामच बदललं, म्हणून माणूस बदलला. हे जर आधीच दोघांना माहीत असेल तर कोणाचं तोंड वाकडं होत नाही, झालं तरी कमी होतं.

चूकही द्रविडकडूनच बघून घ्या. जून २०२३, ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, सकाळी ढग, विकेट हिरवी, आणि भारताने चार फास्ट बोलर आणि स्पिनर म्हणून एकटा जडेजा घेऊन अश्विनला बसवलं, जो तेव्हा टेस्ट रँकिंगमध्ये जगात एक नंबर होता. ट्रॅव्हिस हेडने १६३ मारले, स्मिथने १२१, ऑस्ट्रेलिया ४६९, आणि आपण २०९ रननी हरलो. माझं मत सांगतो, त्या सकाळी तो निर्णय वेडेपणाचा नव्हता, पण पाच दिवसांच्या मॅचची टीम पहिल्या दोन तासांकडे बघून काढली. आपण पण हेच करतो. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या विकेटवर ठीक आहे, तिथे मिडियम पेसरच राजा. पण डिसेंबरात सकाळी दव दिसलं म्हणून स्पिनर कापायचा आणि अकरानंतर विकेट पाटा झाली की लाँग ऑनला हात मागे बांधून उभं राहायचं, हे मी दोनदा केलंय.

आता फोन

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत कीपर वृद्धिमान साहाला श्रीलंकेविरुद्धच्या टेस्टसाठी काढलं. तो ३७ वर्षांचा होता, पंत पहिला कीपर होता आणि मॅनेजमेंटला मागे एक तरुण कीपर तयार करायचा होता, के. एस. भरत. द्रविडने साहाला हे आधीच तोंडावर सांगितलं होतं. साहाला राग आला आणि त्याने पत्रकारांना सांगून टाकलं की कोच मला निवृत्तीचा विचार कर म्हणाला. झालं, दोन दिवस टीव्हीवर तेच. नंतर ईडन गार्डन्सवर मॅच संपल्यावर द्रविडला विचारलं तर तो काय म्हणाला बघा, मला अजिबात वाईट वाटलं नाही, साहाने भारतासाठी जे केलंय त्याबद्दल मला आदर आहे आणि त्या आदरामुळेच मी त्याच्याशी बोललो, त्याला खरं काय ते स्पष्ट कळायला हवं होतं, पेपरात वाचून नाही. असं बोललेलं खेळाडूंना दर वेळी आवडेल अशी अपेक्षाच नाही, पण म्हणून गालिच्याखाली ढकलून द्यायचं नाही. आणि हेही म्हणाला की प्रत्येक मॅचच्या अकरा ठरण्याआधी जे खेळणार नाहीत त्यांच्याशी रोहित किंवा मी बोलतो, का नाही ते विचारलं तर उत्तर देतो.

आता गंमत बघा, हाच तो द्रविड ज्याने २००४ ला मुलतानमध्ये सचिन १९४ वर असताना डाव सोडला होता. त्यावरून आमच्या घरी अजून दोन पार्ट्या आहेत, वडील एका बाजूला आणि मी दुसऱ्या, त्यामुळे मी तिथे थांबतो.

तर फोन कसा करायचा. आदल्या दिवशी रात्री नऊच्या आत, लिस्ट ग्रुपवर पडायच्या आधी. व्हॉइस नोट नाही, मेसेज नाही, फोनच, आणि समोरासमोर भेट होत असेल तर फोनपण नाही. पहिल्या वाक्यात निर्णय सांगायचा. आपली सवय काय असते की आधी विचारणार घरचे कसे आहेत, मग मागच्या वर्षीच्या त्या ७२ ची आठवण काढणार, आणि समोरच्याला तिसऱ्या वाक्यालाच वास लागलेला असतो, तो बिचारा वाट बघत बसतो की हा कधी गळा कापतोय. मी आता असं करतो:

"दादा, उद्या तुम्ही अकरात नाही आहात."

"..."

"मॅटिंगवर मॅच आहे, त्यांचे दोन्ही बोलर डोक्यावर टाकतात, मागच्या तीन मॅचला तुम्ही पुलवरच आउट झालात. म्हणून उद्या दुसऱ्याला ओपन करायला देतोय."

"मग मी यायचं की नाही?"

"यायचं. बारावे आहात. आणि मंगळवारी नेटला मी स्वतः थ्रोडाऊन टाकतो, अर्धा तास फक्त पुल."

एवढंच. कारण एकच द्यायचं आणि ते खरं द्यायचं, चार कारणं दिली की तो त्यातलं सगळ्यात कच्चं पकडून भांडतो आणि त्याचं बरोबरच असतं. "विश्रांती देतोय" हे तर कधीच नाही, रविवारी एक मॅच खेळणाऱ्या माणसाला कसली विश्रांती, तो काय सोमवार ते शनिवार बोलिंग करतो का. "माझी इच्छा होती पण कॅप्टनच ऐकत नाही" हे तर पाप आहे, दोन दिवसांत कॅप्टनच्या कानावर जातं. आणि बोलून झाल्यावर गप्प बसायचं. तो बोलेल, चिडेल, कधी कधी फोन ठेवेल. ठेवू दे. वाद घालून तुम्ही जिंकलात तरी तो टीममध्ये येत नाहीये, मग जिंकून काय करणार.

परतीची वाट असेल तरच दाखवायची. नसेल तर नाही. "बघू पुढच्या वेळी" हे आपल्याकडे इतकं सहज निघतं तोंडातून, आणि तो माणूस वर्षभर त्या "बघू"वर नेटला येत राहतो. साहाच्या बाबतीत अवघड तेच होतं, परतीची वाट नव्हती आणि ती नाही असं सांगायचं होतं. मला हे अजून नीट जमत नाही. मागच्या वर्षी एका चाळिशीच्या लेफ्ट आर्म स्पिनरला मी गोल गोल बोललो, त्याला वाटलं पुढच्या महिन्यात चान्स आहे, त्याने नवे स्पाइक्स घेतले.

लिहून काहीही ठेवू नका

म्हणजे कोणाबद्दल वाईट. सप्टेंबर २००५ ला तेव्हाचा कोच ग्रेग चॅपलने कॅप्टन गांगुलीबद्दल बोर्डाला लिहिलेला ईमेल फुटला आणि त्यानंतर ते ड्रेसिंग रूम कधी धड झालंच नाही, मार्च २००७ ला वर्ल्ड कपमध्ये बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत घरी. हरायला कारणं दहा होती, मान्य, पण ईमेलमधलं बरोबर होतं की चूक हा मुद्दाच नंतर उरला नाही ना. तुमच्या सिलेक्टर लोकांच्या तीन जणांच्या ग्रुपवर पण हेच लागू. स्क्रीनशॉट निघतोच. "त्याला बसवू, हलत नाही फिल्डिंगला" असं आमच्यातल्या एकाने टाइप केलं होतं, ते चुकून मोठ्या ग्रुपवर गेलं. डिलीट केलं तोपर्यंत नऊ जणांनी बघितलेलं.

न खेळणाऱ्यांचं काय

हा खरा डोकेदुखीचा विषय. द्रविड ज्युनिअर आणि इंडिया ए च्या मुलांचा कोच होता तेव्हा दौऱ्यावर निघायच्या आधीच सांगून टाकायचा की इथे आलेल्या प्रत्येकाला मॅच मिळणार, कारण तो स्वतः पोरगा असताना दौऱ्यावर जाऊन नुसता बसून आला होता आणि काय वाटतं ते त्याला माहीत होतं. जुलै २०२१ ला श्रीलंकेत त्याच्याकडे दुसऱ्या फळीची टीम होती, सिरीज दोन मॅचमध्येच खिशात आली, तर तिसऱ्या वनडेला एकदम पाच जणांना डेब्यू दिला. ती मॅच हरले. हरले तर हरले.

पण याच माणसाने २०२४ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा यशस्वी जयस्वाल, संजू सॅमसन आणि चहल हे तिघे पूर्ण स्पर्धेत एक मॅच खेळले नाहीत. मग आधीचं तत्त्व कुठे गेलं? कुठेच नाही गेलं, स्पर्धा वेगळी होती. इंडिया ए चा दौरा पोरं घडवायला असतो आणि वर्ल्ड कप जिंकायला असतो. तुमची प्रत्येक स्पर्धा कशासाठी आहे ते सीझनच्या आधी सगळ्यांसमोर बोलून टाका. आमच्याकडे पावसाळ्यातल्या फ्रेंडली सगळ्यांना, अगदी त्या भाच्याला पण, आणि नॉकआउट सुरू झाली की कोणी रडायचं नाही. रडतात, पण कमी.

बाहेर बसणाऱ्याची नस अमोल मुझुमदारइतकी कोणाला कळणार? १९८८ ला सचिन आणि कांबळीने शारदाश्रम शाळेसाठी ६६४ ची पार्टनरशिप केली तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तो हाच. रणजी डेब्यूला २६०, फर्स्ट क्लासमध्ये ११,१६७ रन, आणि भारताची कॅप शून्य. ऑक्टोबर २०२३ ला तो महिला टीमचा कोच झाला. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये आपण लागोपाठ तीन मॅच हरलो, त्यातल्या इंग्लंडच्या मॅचला इंदूरमध्ये जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं, सहावी बोलर हवी म्हणून रेणुका आत. जेमिमाचे आधी दोन शून्य झाले होते हे पण खरं. चार रननी हरलो. पुढच्या मॅचला न्यूझीलंडविरुद्ध ती परत आली ते थेट तीन नंबरला, नाबाद ७६. आणि सेमी फायनलला डी. वाय. पाटीलवर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ च्या पाठलागात नाबाद १२७. बसवलेल्याला परत आणताना पाठीमागे लपवून सातव्या नंबरवर ढकलायचं नसतं हे मी तिथे शिकलो, आणायचं तर धड काम देऊन आणायचं.

एक बारीक गोष्ट, त्या सेमी फायनलला आपण तीनला जाणार हे जेमिमाला माहीतच नव्हतं, ती अंघोळ करत होती, उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं. वर्ल्ड कपला चाललं म्हणून हे तुम्ही करू नका. आमचा तीन नंबर पाच मिनिटं आधी सीएसएमटीच्या बाहेर वडापाव खात असतो.

मॅचच्या मध्ये भाषण पण आवरा. त्याच दिवशी ब्रेकमध्ये मुझुमदारने बोर्डवर काय लिहिलं तर त्यांच्यापेक्षा एक रन जास्त हवाय, बस. ३३९ चा डोंगर होता समोर. मी आधी टी ब्रेकला दहा मिनिटं बोलायचो, कोणी ऐकत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष समोशाकडे.

फॉर्म गेलेल्याला किती दिवस धरायचं

२०२४ च्या टी२० वर्ल्ड कपला विराट ओपनिंगला गेला आणि सात मॅचमध्ये मिळून ७५ रन. आठवी मॅच फायनल, त्यात ७६. सेमी फायनलनंतर द्रविड म्हणाला होता की मोठा डाव येतोय असं मला वाटतंय. हे वाचून प्रत्येक क्लबमध्ये कोणीतरी म्हणतो बघा, धरून ठेवलं तर होतं. अरे पण तो विराट होता. आपल्याकडे जो आहे त्याचं बघा, रन किती यापेक्षा आउट कसा होतोय ते. मारायला जाऊन कॅच उडतोय तर थांबा, बॉल दिसतच नाहीये, प्रत्येक वेळी उशिरा बोल्ड होतोय तर थांबू नका. आणि किती मॅच द्यायच्या तो आकडा मनात आधी पक्का करा, शून्यावर आल्यावर रागात ठरवू नका. माझा आकडा चार.

उलट बाजू पण आहे, खेळाडू स्वतः येऊन मागतो तेव्हा. २७ मार्च १९९४, ऑकलंडला सिद्धूची मान आखडली आणि सचिन मागे लागला मला ओपनिंगला पाठवा, नाही जमलं तर परत कधी विचारणार नाही. कॅप्टन अझर आणि मॅनेजर आपले अजित वाडेकर, दोघांनी हो म्हटलं, ४९ बॉलमध्ये ८२. कोणी जागा मागत आला तर हसून उडवू नका, एक मॅच द्या, पण अट आधी बोलून घ्या. आमच्या कीपरने मागितली होती, तीन बॉल टिकला, परत विचारलं नाही, विषय संपला.

बक्षिसाचे पैसे आले तर द्रविडचा हिशेब लक्षात ठेवा. २०१८ ला अंडर नाइंटीन वर्ल्ड कप जिंकल्यावर त्याला ५० लाख आणि बाकी स्टाफला २० लाख असं जाहीर झालं, तो म्हणाला सगळ्यांना सारखे द्या, शेवटी सगळ्यांना २५. आमच्याकडे रक्कम असते पाच हजार, त्यातला वाटा स्कोअररला आणि माळीबुवांना पण जातो, त्यावरून कुरकुर होते, होऊ दे.

काढलेल्यांचे फोन नंबर ठेवा, आणि अधूनमधून फिरवत जा. महिलांच्या त्या २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये ओपनर प्रतिका रावलचा पाय मुरगळला तेव्हा शफाली वर्मा पंधरात सोडा, राखीवमध्ये पण नव्हती, घरच्या टी२० स्पर्धेत खेळत होती. सेमी फायनलला १०, आणि २ नोव्हेंबरच्या फायनलला ८७ आणि वर दोन विकेट.

मागच्या जानेवारीत लोकलच्या मेगाब्लॉकमुळे आमचे दोन जण अडकले, सकाळी साडेसहाला आम्ही नऊ. बदलापूरवाल्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "अकरात ना? नक्की? पॅड बांधू ना?" मी म्हटलं बांधा, ओपनिंगला. कर्जतहून येणाऱ्या लोकलमध्ये उभा राहून आला, ११ रन केले, पुलवरच आउट झाला, आणि लंचला मला म्हणाला, मंगळवारचे थ्रोडाऊन अजून बाकी आहेत तुझे.